पाणी म्हणजे तेल

गायधनींना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका लग्नात. ते आचाऱ्याच्या हातातली सुरी घेऊन तिच्यावर कानस घासत होते. पंगत बसायची होती, कोशिंबिरीची काकडी चिरायची राहिली होती, आणि हा टाय लावलेला माणूस चुलाणापाशी उभा राहून विचारत होता, "ही घेतली कुठून? पाणी नीट दिलेलं नाही हिला."

"आत्ताच धुतली की साहेब," आचारी म्हणाला.

गायधनी इतक्या मोठ्याने हसले की वधूपिता धावत आला. मग हसल्याचा दंड म्हणून त्यांनी त्या आचाऱ्याला उभ्याउभ्या शिकवणी दिली. पोलाद लालभडक तापवायचं आणि एकदम थंड करायचं, म्हणजे ते कडक होतं. याला पाणी देणं म्हणतात. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड एवढंच होतं तोवर लोहार खरोखर पाण्यात बुडवायचा. आता पोलादाच्या नाना जाती आल्या. त्यातल्या कित्येक पाण्यात घातल्या तर तडकतात, त्यांना तेलातच थंड करावं लागतं. पण शब्द तोच राहिला. तेलात बुडवतात आणि म्हणतात पाणी दिलं. आचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि सुरी परत मागितली. पंगत उशिरा बसली.

हा किस्सा मी पूर्वी रंगवून सांगायचो. आता सांगताना हसू येत नाही. पुढे जे झालं ते या एका शब्दावरूनच झालं, म्हणून सुरुवात इथून केली.

रमाकांत गायधनी आमच्या नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात हीट ट्रीटमेंटचे, म्हणजे पोलादाला पाणी द्यायच्या विभागाचे, प्रमुख होते. मी खरेदी विभागात. माझा आणि पोलादाचा संबंध ऑर्डरच्या कागदापुरता, त्यामुळे त्यांनी मला नावाने कधी हाक मारलीच नाही. "काय परचेस, जेवलास का?" अकाउंट्सच्या देशपांडेबाई नुसत्या 'अकाउंट्स', फाटकावरचा पहारेकरी 'गेट', आणि घरी सुधावहिनी 'हेड ऑफिस'. माणूस उंच, किडकिडीत. भट्टीच्या धगीने भुवया अर्ध्याच राहिलेल्या. खिशाला पेनाच्या जागी बोटभर कानस. पोलाद किती कडक आहे हे मोजायचं महागडं यंत्र विभागात होतं, मीच मागवलेलं, पण त्याच्याआधी कानस फिरायची. दाराची कडी, बँकेच्या काउंटरची पट्टी, रविवार कारंजावरच्या नारळवाल्याचा कोयता, काही म्हणता काही सुटलं नाही. नारळवाला त्यांना लांबून पाहिलं की कोयता पोत्याखाली घालायचा.

त्यांच्या विभागात एक कायदा होता. हसला त्याने उत्तर द्यायचं. एकदा मी कसल्याशा सहीसाठी गेलो होतो, तेव्हा तो अमलात येताना पाहिला. नव्याने रुजू झालेली पाटील नावाची इंजिनियर मुलगी सकाळच्या मीटिंगमध्ये म्हणाली, "सर, एक बेसिक डाऊट आहे. आपण आधी तुकडा कडक करतो आणि मग टेंपर करून पुन्हा थोडा मऊ करतो. मग कडक करतोच कशाला?"

कुलकर्णी म्हणून एक सीनियर होते, ते फिसकन हसले.

"कुलकर्णी, सांगा," गायधनी म्हणाले.

"सर, ते ठिसूळ होतं ना, म्हणून..."

"कडक वस्तू ठिसूळ का होते?"

कुलकर्णींनी छताकडे पाहिलं.

"मग टेंपर केल्यावर ठिसूळपणा जातो आणि कडकपणा का राहतो? कितीसा जातो? कुणी ठरवलं?"

कुलकर्णींच्या मानेवर घाम आलेला मला लांबून दिसत होता. गायधनी शांतपणे म्हणाले, "हिला एक गोष्ट माहीत नाही, तिने विचारली. तुम्हाला तीन माहीत नाहीत आणि तुम्ही हसलात." मग दोघांना एकाच पुस्तकापुढे बसवलं. कुलकर्णींनी त्यांच्याशी नंतर बरेच दिवस फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. विद्वानांशी ते वाईटच वागत, हे मी लपवणार नाही. ज्याला येत नाही त्याच्यासाठी त्यांच्याकडे अख्खी दुपार असे, आणि ज्याला थोडंफार येतं त्याच्यासाठी फक्त जीभ.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मालकांनी हिशेब केला आणि हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घ्यायचं ठरवलं. भट्ट्या भंगारात गेल्या, गायधनी स्वेच्छानिवृत्तीत. स्वेच्छा कुणाची ते विचारू नये. सिडकोतल्या घरात ते कानस घेऊन बसले. वहिनींनी घरातल्या सगळ्या सुऱ्या माळ्यावर टाकल्या. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला होता. त्याने स्वतःचा जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि बापाला ईमेल शिकवलं. बापाने महिन्याभरात एक ग्रुप काढला. हत्यारं-साचे घडवणाऱ्या टूलरूममध्ये, भट्टीवर, लेथवर काम करणाऱ्यांचा. कुणीही यावं, प्रश्न टाकावा, ज्याला येतं त्याने उत्तर द्यावं. मराठी लिपी तेव्हा कॉम्प्युटरवर धड उमटत नसे, म्हणून सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकत. गायधनी एका बोटाने ठोकत.

ग्रुपच्या पहिल्या पानावर त्यांनी कायदा तोच लिहिला होता. हसला त्याने उत्तर द्यायचं. कुणी "सर, बेसिक प्रश्न आहे, हसू नका" असं लिहिलं की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "हसणार. विचार." आणि मग उत्तर नव्हेच, आधी त्यांचे प्रश्न. तुकडा केवढा? पोलाद कोणतं, की दुकानदाराने दिलं ते घेतलं? तापवलं कशात? लाल म्हणजे कसं लाल, जास्वंदीसारखं की पिकल्या बोरासारखं? एवढं सगळं काढून घेतल्यावर जे उत्तर जाई ते दोन-दोन पानांचं. सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेतल्या एका शिक्षकाने विचारलं, की आमचा लोहार विळा तापवतो तेव्हा तो आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा का होतो, मुलं विचारतात. त्याला गायधनींनी रवा भाजण्यापासून सुरुवात करून असं उत्तर लिहिलं की मलासुद्धा कळलं. त्या मास्तरांनी ते फळ्यावर उतरवून काढलं होतं म्हणे.

"मी विचारलं दूध कधी आणणार, तर उत्तर नाही," सुधावहिनी मला चहा देताना म्हणायच्या. "आणि तिकडे सुरगाण्याच्या विळ्याला दोन पानं. मीच आता ग्रुपवर विचारते दुधाचं."

त्या माणसाला मी एवढा सुखी कारखान्यातही पाहिला नव्हता.

आता सराफबद्दल लिहायला हवं. लिहिताना माझा हात जड होतो, तरी लिहितो. विवेक सराफ हा ग्रुपच्या पहिल्या नवशिक्यांपैकी. सातपूरला कुठेतरी नवा लागलेला, अंगात हुशारी, पण कॉलेजने काहीच हाताला लावलं नव्हतं. त्याचा ग्रुपवरचा पहिला प्रश्न होता, "सर, ड्रॉइंगवर एचआरसी लिहिलंय, म्हणजे काय?" एचआरसी म्हणजे कडकपणा मोजायचं माप. कापडाच्या दुकानात लागलेल्या माणसाने मीटर म्हणजे काय विचारावं, तसा तो प्रश्न. गायधनी हसले नाहीत. त्यांनी त्याला घरी बोलावलं, कानस हातात दिली आणि एक अख्खा रविवार घासायला लावली. पोरगा पटापट शिकला. काही वर्षांत नोकरी सोडून सल्लागार झाला, टाय आला, गाडी आली, दोन-दोन दिवसांचे क्लास घेऊ लागला. त्यात वाईट काही नाही. शिकलेल्याने पुढे जावंच.

ग्रुपही तोवर फुगला होता. पुणे, कोल्हापूर, राजकोट, कुठून कुठून लोक. बटणांची कामं गायधनींना जमेनात, तेव्हा सराफ म्हणाला, "सर, मॉडरेटर मी होतो. तुम्ही फक्त उत्तरं द्या." गायधनींनी त्याला पासवर्ड दिला तो मुलगी दिल्यासारखा, घरी बोलावून, श्रीखंड-पुरीचं जेवण घालून. मी होतो त्या जेवणाला.

मग नियम आले. सराफचं सगळंच चुकत होतं असं म्हणणार नाही. तोच तो प्रश्न दर आठवड्याला येई, "फॉरमॅट पाठवा, अर्जंट" म्हणणारे आळशीही पुष्कळ होते, आणि मोठमोठ्या कंपन्यांतली मंडळी कंटाळून ग्रुप सोडत होती. म्हणून आधी पाटी लागली : आधी जुनी पत्रं शोधा, मग विचारा. नंतर 'नवशिक्यांचा कोपरा' निघाला. साधे प्रश्न तिकडे. तिकडे नवशिके नवशिक्यांना विचारत आणि नवशिकेच उत्तरं देत. जाणत्यांपैकी कुणी फिरकत नसे. मग सभासदांचे पत्ते झाकले, म्हणजे कुणी कुणाचं गिऱ्हाईक परस्पर पळवायला नको. पहिल्या पानावरचा हसण्याचा कायदा कधी निघाला ते कळलंही नाही. त्याजागी 'फक्त व्यावसायिकांसाठी' आलं.

गायधनी मात्र कोपरा मानेनात. कुणी चुकून मुख्य पानावर साधा प्रश्न टाकला, की सराफची 'कोपऱ्यात जा' ही तंबी यायच्या आत यांचं दोन पानी उत्तर पडलेलं असे. सराफने आधी फोन केले, मग पत्रं लिहिली, शेवटी सगळ्यांसमोर लिहिलं, "सीनियर सभासदांनीही शिस्त पाळावी. मूलभूत प्रश्नांना उत्तरं देऊन ग्रुपचा दर्जा घालवू नये."

त्यावर गायधनींनी जे केलं ते त्यांनी करायला नको होतं. त्यांनी सराफचा तो पहिला प्रश्न जुन्या पत्रांतून काढला आणि सगळ्यांसमोर टाकला. खाली एकच ओळ : "हा दर्जा कुणाचा?" ग्रुपभर हशा पिकला. राजकोटपासून कोल्हापूरपर्यंत लोक हसले. आयुष्यभर ज्या माणसाने साध्या प्रश्नाला हसू दिलं नाही, त्याने त्या एका दिवशी एका साध्या प्रश्नाची स्वतः टवाळी केली. मी त्यांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "परचेस, तुला कळत नाही." कळत त्यांनाही होतं. चेहरा उतरलेला होता.

सराफने उलट एक शब्द लिहिला नाही. फक्त एक बटण दाबलं. त्या दिवसापासून गायधनींनी काही लिहिलं की पडद्यावर यायचं, "आपला संदेश मंजुरीनंतर प्रसिद्ध होईल." त्यांनीच काढलेला ग्रुप. "स्वतःच्या घरात बेल वाजवून थांबायचं," ते मला म्हणाले. उत्तरं लिहीत राहिले. सराफला सवड झाली की तो ती मंजूर करी, कधी दुसऱ्या दिवशी, कधी चार दिवसांनी.

आणि अशात इरफान मोमीनचा प्रश्न आला. येवल्याला घरचे पैठणीचे माग. हा धाकटा, त्याला मागावर बसायचं नव्हतं. त्याने उसनवारीवर एक हातप्रेस घेऊन पत्र्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचं काम धरलं होतं. भोक पाडणारा जो पोलादी खिळा असतो, त्याला पंच म्हणतात. तो पंच नाशिकहून करून आणायला वेळ लागे, म्हणून त्याने घरीच करायचं ठरवलं. दुकानदाराने पोलाद दिलं ते ओएचएनएस. टूलरूममध्ये हे रोजचं पोलाद आहे. कुणीतरी त्याला सांगितलं, पंच झाला की पाणी द्यावं लागतं. त्याने सायबर कॅफेत जाऊन ग्रुपवर लिहिलं, "ओएचएनएसच्या पंचला पाणी कसं द्यायचं, किती वेळ द्यायचं? नवीन आहे, माहिती नाही. कृपया सांगा."

मुख्य पानावर टाकला बिचाऱ्याने. कोपरा त्याला कुठला माहीत असणार?

सराफने उत्तर दिलं, "आधी शोधा. साधे प्रश्न कोपऱ्यात." आणि मग मोठ्या माणसांना चेव आला. एकाने लिहिलं, "एकदाच द्या, पण प्रेमाने द्या." दुसऱ्याने, "गोदावरीचं द्या, पुण्य लागेल." पुण्यातले एक फार नावाजलेले गृहस्थ होते, ज्यांचं उत्तर आलं की लोक जपून ठेवत, त्यांनी लिहिलं, "माठातलं द्या. गारेगार. पंच आयुष्यभर दुवा देईल." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की पाणी म्हणजे तेल. ज्याने विचारलं होतं त्याला सोडून.

गायधनींनी ते दुपारी वाचलं आणि तिथल्या तिथे लिहिलं. या वेळी उलट प्रश्न नाहीत, रवा नाही. "पाणी म्हणजे तेल. पाण्यात अजिबात बुडवू नको, तडकेल. तेल कोणतं ते मला विचार." खाली घरचा फोन नंबर. आपला संदेश मंजुरीनंतर प्रसिद्ध होईल. पत्ता झाकलेला, त्यामुळे परस्पर लिहायची सोय नाही. त्यांनी सराफला फोन लावला. सराफ म्हणाला, "सर, आज क्लायंटकडे ऑडिट आहे. उद्या बसतो मेलला." दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तर "सर, तेवढ्याने काय होतंय? कुणी ओएचएनएस पाण्यात घालतं का? कॉमन सेन्स आहे." हे मला सांगतासांगता गायधनी पुन्हा त्याचाच नंबर फिरवत होते. मला वाटलं, म्हातारा उगाच त्रास करून घेतोय.

आठवड्याच्या शेवटी इरफानचंच पत्र आलं, बहिणीने टाइप केलेलं. "माठातलं पाणी दिलं. पंच लावला. दोन दिवस चालला, मग प्रेसवर फुटला. तुकडा डोळ्यात गेला. पुढचा पंच करायचा आहे, तर काय चुकलं ते सांगा."

एवढंच. कुणावर दोष नाही, शिवी नाही. काय चुकलं ते सांगा.

त्याच्या खालोखाल, त्याच दिवशी, गायधनींचं उत्तर एकदाचं मंजूर होऊन झळकलं. पाणी म्हणजे तेल. वर मॉडरेटरची टीप : "उपयुक्त माहिती, सर. मात्र पुढच्या वेळी कृपया कोपऱ्यात टाकावी." बहुधा सराफने इरफानचं पत्र वाचायच्या आधीच बटणं दाबली असावीत. मी त्याच्या बाजूने याहून जास्त काही शोधू शकत नाही. नंतर त्याने आणखी एक लिहिलं, "प्रेसवर काम करताना गॉगल वापरावा. हा विषय इथे संपला." दुसऱ्या दिवशी ती सगळी पत्रं, माठ, गोदावरी, पुण्य, सगळं पुसलेलं होतं. पुण्याच्या गृहस्थांनी त्याविषयी कधीच काही लिहिलं नाही. पहिल्या पानावर मात्र नवी ओळ आली, की इथली माहिती ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर वापरावी. मला आजही त्या ओळीचा संताप येतो.

पत्राखालच्या पत्त्यावर आम्ही येवल्याला गेलो. एसटीत विंचूरला गायधनी म्हणाले, "पोरगा केवढा असेल?" पोरगा तिशीतला निघाला. गल्लीत घराघरातून मागांची खटखट चालू होती. इरफान पुढच्या खोलीत खाटेवर बसला होता, डाव्या डोळ्यावर पट्टी. नाशिकच्या डॉक्टरांनी त्या डोळ्याची आशा सोडली होती. बहिणीने, शबानाने, खुर्च्या पुसून दिल्या.

"या साहेब. तुम्हीच का गायधनी सर?" तो म्हणाला. "तुमचं उत्तर वाचलं ना. शबानानं वाचून दाखवलं. नंतर."

गायधनी बसले नाहीत. उभेच राहिले. "माठातलं पाणी कशाला घेतलंस रे?"

"मलाही जरा नवलच वाटलं, साहेब. पण म्हटलं, एवढी मोठी माणसं सांगतात तर माठाचं काहीतरी असंल. गार पाहिजे असंल. अम्मीला बोललो, आज माठ भरून ठेव, कामाचा हाय."

आतून त्याची आई चहा घेऊन आली. तिने माठाचं नाव ऐकलं आणि कप ठेवून परत आत गेली.

गायधनी मग बसले आणि त्यांनी समजावून सांगायला घेतलं. हे पोलाद तेलातच घालायचं असतं. पाण्यात ते एकदम आकसतं, आतून चिरतं, आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही. "अरे, नावातच तेल आहे त्याच्या. ओएचएनएसमधला पहिला ओ, तो ऑइलचा."

"ते इंग्रजीत हाय ना साहेब," इरफान म्हणाला. "आम्हाला दुकानदार बोलला ओएचएनएस, आम्ही बोललो ओएचएनएस." मग तो म्हणाला, "एक विचारू का? हसू नका."

"नाही हसत. विचार."

"तेलात घालायचं असतं, तर तुम्ही सगळे त्याला पाणी का म्हणता?"

मी गायधनींकडे पाहिलं. मला उत्तर ठाऊक होतं, म्हणजे त्यांनीच आचाऱ्याला दिलेलं : फाळ, विळा, कुऱ्हाड, जुना शब्द. तेवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. या माणसाने सगळी हयात भट्टीपुढे काढली, हजारो वेळा तो शब्द उच्चारला, ग्रुपवर स्वतःच्या हाताने, एका बोटाने, 'पाणी द्या' लिहिलं होतं. कुणी सुदैवी निघाला, कुणी आधी विचारून घेतलं, म्हणून निभावलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. इरफाननेच विषय बदलला, चहा घ्या म्हणाला. निघताना त्याने फक्त एवढं म्हटलं, "साहेब, तो प्रेस उसना हाय. काम सोडता येत नाय मला. एकदा दाखवाल का करून?"

त्यानंतर गायधनी ग्रुपवर गेले नाहीत. त्यांनी सोडला असंही नाही. त्यांचं नाव यादीत तसंच राहिलं, त्याची गरज कुणाला भासली नाही. ग्रुपच्या वर्धापनदिनाला कॉलेज रोडच्या एका हॉटेलात शाल-श्रीफळ द्यायला सराफने बोलावलं, संस्थापक म्हणून. त्यांनी वहिनींकडून निरोप दिला की डोकं दुखतंय. तो शब्द मात्र त्यांनी तोंडातून काढून टाकला. भद्रकालीतल्या लोहाराला ते विचारत, "थंड कशात केलंस?" लोहार हसून म्हणायचा, "फाळाला पाणीच देत्यात, साहेब." तिथे तर तोच बरोबर होता. तरी गायधनी म्हणत, "थंड केलं म्हण. कशात ते सांग." मी एकदा थट्टेने म्हणालो, "साहेब, तहान लागली तर काय मागता?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा ती थट्टा केली नाही.

येवल्याला मात्र ते जाऊ लागले. इरफानच्या अंगणात विटांची भट्टी बांधून दिली. लाल कसं लाल असतं ते एका डोळ्याने ओळखायला शिकवलं, आणि त्याला ते येऊ लागलं. त्यांना शेवटचं मी पाहिलं ते अशाच एका खेपेला. पुढच्या वर्षी मी लेकीकडे इंदूरला असताना ते गेले.

त्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून सीबीएसच्या एसटी स्टँडवर सोडलं. जवळ तेलाचा डबा होता, पोलाद थंड करायच्या तेलाचा. तसलं तेल येवल्याला मिळत नसे, म्हणून अंबडहून मिळवलेलं. गाडी लागलेलीच होती. गर्दीतून त्यांनी डबा वर चढवला आणि दारातच कंडक्टरने हात आडवा घातला.

"काका, डब्यात काय हाय?"

"तेल."

"तेल नाय चालत गाडीत. पेटलं-बिटलं तर माझी नोकरी जाईल." मग त्याने त्यांच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं. माणूस चांगला होता. आवाज उतरवून म्हणाला, "पाणी हाय ना, काका? पाणी असंल तर ठेवा शिटाखाली. मी काय उघडून बघत नाय."

खाली उभा राहून मी खुणा करत होतो. हो म्हणा, हो म्हणा.

"अहो, नुसतं म्हणा पाणी," कंडक्टर म्हणाला. "लोकं खोळंबल्यात."

"तेल आहे," गायधनी म्हणाले, आणि डबा घेऊन खाली उतरले. कंडक्टरने मान हलवली आणि घंटी मारली.